वाऱ्याचा पायजमा

“वहिनी, या पायजम्याचं काहीतरी करा हो. उद्या मुंबईचे साहेब येतायत. त्यांना वाटायचं, आम्ही इथे म्हशी पाळतो.”

कॅप्टन रेगे विमानाच्या पंखावर बसून केळं खात होते. सालीसकट बोट त्यांनी खांबाकडे केलं. खांबावर वाऱ्याचा पायजमा लोंबत होता.

त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण आमच्या माळावर सगळे त्याला पायजमाच म्हणायचे. एकाच तंगडीचा पायजमा. जाड कापडाची लांब पिशवी, एका तोंडाला लोखंडी कडं, दुसरं तोंड मोकळं. वारा कुठून येतो ते त्याच्यावरून विमानवाल्याला कळायचं. मूळचा रंग भगवा होता म्हणे. मी पाहिला तेव्हापासून तो मातीचा आणि औषधाच्या डागांचा होता. दोनदा फाटला, तेव्हा जुन्या तंबूच्या कापडाची ठिगळं मीच लावली होती.

“साहेब, त्याले धुवाचं म्हंजे म्हैस धुन्यापरीस जड काम हाय,” मी म्हटलं.

“मग नको. मी आपलं गमतीनं म्हटलं.”

“गमतीनं कायले? मळलाच हाय तो.”

लतीफ मिस्त्री इंजिनात डोकं घालून होता. तो तिथूनच ओरडला, “भाभी, धुवून झालं का कडक इस्त्री भी मारा! मोठे साहेब घालून जातीन!”

कॅप्टन हसले. त्यांच्या हसण्यात केळं अडकलं आणि ते खोकत सुटले. माझा माणूस पळत जाऊन पाणी घेऊन आला.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होऊन गेली. दुष्काळाच्या आधलं साल होतं. वऱ्हाडातल्या त्या माळावर लढाईच्या काळात इंग्रजांनी मुरमाची पट्टी केली होती, विमान उतरवायला. पुढं ती ओस पडली. मग एका कंपनीनं ती घेतली. भादव्यात कंपनीचं एकच माणूस बसेल असं विमान यायचं, दोन महिने कपाशीवर औषध फवारायचं आणि जायचं. बाकी दहा महिने तिथं आम्हीच. माझा माणूस तुळशीराम चौकीदार होता. पट्टीवर ढोरं येऊ द्यायची नाहीत, गवत काढायचं, सकाळी पायजमा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा. राहायला पत्र्याची एक खोली होती. दोन पोरी होत्या, मोठी मंदा पाच वर्षांची, धाकटी अंगावर पिणारी.

कॅप्टन रेगे तिसऱ्या वर्षी आले होते. आधीचे दोघे आमच्याशी बोलत नसत. हे बोलायचे. पुण्याकडचे होते, तिशीच्या आतले, लग्न ठरत आलं होतं. विमानातून उतरले की आधी माझ्या चुलीपाशी यायचे. “वहिनी, चहा टाका, वरून तुमचा धूर दिसला तेव्हापासून वास येतोय,” म्हणायचे. मला वहिनी म्हणणारा तो पहिलाच पँटवाला माणूस. माझा माणूस त्यांच्यावर जीव टाकायचा. ते विमानात बसले की खांबापाशी हिरवं निशाण घेऊन उभा राहायचा. पट्टीवर ढोर नाही, या म्हणून निशाण हलवायचा. तेवढ्यासाठी तो दाढी करून यायचा.

त्या दिवशी विमानाची शेवटची फेरी दुपारी झाली. मी माझ्या माणसाला पायजमा उतरवायला लावला. अर्ध्या कापलेल्या पिंपात सोडा टाकून तो भिजवला आणि हापशाच्या दगडावर मोगरीनं झोडपायला घेतला. पहिल्या पाण्याला काळं निघालं, दुसऱ्याला पिवळं. औषधाचा वास नाकात बसला. मिस्त्री मध्येच येऊन बघून गेला. “अरे, इसका तो रंग है!” म्हणाला. खरंच रंग होता. आतून भगवा निघत होता. मला चेव आला. ऊन उतरेपर्यंत मी मोगरी चालवली.

दोघांनी धरून पिळायला गेलो तर पिळवेना. एवढं जाड कापड, त्यात माझी ठिगळं. दगडी कुंपणावर टाकला. संध्याकाळी भुरभुर आली म्हणून खोलीच्या पत्र्याखाली ओढला. सकाळी हात लावला तर तसाच गार.

“वाळला नाई व हा,” माझा माणूस म्हणाला. त्यानं तो उचलून पाहिला. “वजन पाह्य. घोंगडं हाय का काय.”

“वरतं वाळन.”

“वरतं कसा वाळन?”

“खालतं वारा नाई, वरतं हाय. कपडे दोरीवर कायले टाकते मानूस? हा तर खांबावर टाकाचा. साहेब लोकं येतवरी फुलासारखा होते, पाह्यजा.”

त्यानं टोक मुठीत दाबून पाहिलं. मग म्हणाला, “मिस्त्रीले इचारू का?”

“काय इचारता? कपडे वाळवाचं मिस्त्रीले काय समजते?”

त्यानं विचारलं नाही. त्यानं दोर ओढला. कप्पी करकरली. पायजमा वर गेला आणि खांबाला लागून सरळ खाली लोंबला. टोकातून पाणी ठिबकत होतं. पण रंग असा दिसत होता की मंदा टाळ्या वाजवायला लागली. मी पण बघत राहिले. माझ्या हातचं काम एवढ्या उंचीवर आधी कधी गेलं नव्हतं.

नऊच्या सुमारास दोन जीपा आल्या. मोठे साहेब, त्यांच्या बरोबरचे चार-पाच, आसपासच्या गावांतले बागायतदार. त्यांच्यासाठी पट्टीच्या कडेला कापडी मांडव घातला होता, खांबापासून शंभरेक पावलांवर. कॅप्टन विमान उडवून दाखवणार, मांडवासमोरून खालून जाणार आणि फवारा सोडून दाखवणार, असं ठरलं होतं. पाहुण्यांच्या अंगावर उडेल म्हणून टाकीत औषधाऐवजी नुसतं पाणी भरलं होतं.

आभाळ भरलेलं होतं पण पान हलत नव्हतं. कॅप्टन चहा प्यायला चुलीपाशी आले. इस्त्रीचा शर्ट होता.

“वहिनी! हे काय केलंत!” खांबाकडे बघून ते म्हणाले. “मला वाटलं नवीन आणला.”

“मोगरीनं हात गेले माहे.”

“आता असं करू, साहेबांना सांगू की हा पायजमा मुंबईहून आणलाय.”

“बुशकोट भी शिवाले सांगा त्याईले, जोडी होते,” मी म्हटलं.

ते मोठ्यानं हसले. कप खाली ठेवला. माझ्या माणसाच्या पाठीवर थाप मारली, “चला तुळशीराम, निशाण घ्या,” आणि गेले.

उडण्याआधी विमान पट्टीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जावं लागे. ते टोक खोलात होतं. तिकडं बाभळींची दाट रांग होती. तिथं कधीच वारा लागत नसे. मी तिकडं शेण वेचायला जायची, तेव्हा उकाड्यानं जीव नको व्हायचा. आमच्या अंगाला मात्र समोर, पट्टीपलीकडं, टेकड्यांच्या मधून खिंड होती, आणि वारा आला की त्या खिंडीतून एकदम यायचा. म्हणूनच खांब आमच्या अंगाला रोवला होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

विमान तिकडं पोचलं असेल तेव्हा खिंडीत लाल धूळ दिसली. पाठोपाठ वारा आला. आधी नुसता ढकलल्यासारखा, मग जोरात. मांडवाची कनात फुगली, एक बल्ली उपटली, खुर्च्या पडल्या. साहेबांच्या डोक्यावरची टोपी पट्टीवर घरंगळत गेली. “धरा धरा” म्हणून सगळे मांडवाला लोंबकळले. मिस्त्रीही धावला. मी पोरीला खाली ठेवून एक दोर धरला. माझं लुगडं तोंडावर येत होतं. एकदा वर पाहिलं तर पायजमा खांबापासून थोडा सुटून हलत होता, सावकाश, जड झुल्यासारखा. मला वाटलं, बरं झालं, आता लवकर वाळेल.

माझा माणूस खांबापाशी उभा होता. पट्टीवर ढोर नव्हतं. त्यानं निशाण हलवलं.

विमानाचा आवाज आला. मी दोर धरूनच मान वळवली. ते बाभळींच्या आडोशातून बाहेर आलं तोवर सरळ होतं. शेपूट उचललं होतं, चाकं जमिनीपासून सुटत होती. मग वाऱ्यात आलं आणि त्याचा एक पंख वर गेला. कुणीतरी हातानं उचलावा तसा. दुसरा पंख खाली गेला, मुरमाला लागला, आणि विमान पट्टी सोडून आमच्या बाजूला वळलं. आडवंच आलं. माझ्या माणसानं एक पाऊल मागं घेतलेलं मी पाहिलं. दुसरं पाहिलं नाही, मध्ये धूळ होती. खांब मोडल्याचा आवाज आला. इंजिनाचा आवाज बंद झाला.

मग फक्त पाणी पडल्याचा आवाज येत होता. टाकी फुटली होती.

मी दोर सोडला. सगळे धावले. मी धावले नाही, मी चालत गेले. का ते सांगता येत नाही. मिस्त्री काच फोडून कॅप्टनला ओढत होता. त्यांचा एक पाय सरळ नव्हता आणि शर्ट सगळा लाल होता, पण ते बोलत होते. “पाहिला होता मी. पाहिला होता,” असंच बोलत होते.

माझा माणूस पंखापलीकडं पडला होता. मोडलेला खांब बाजूला होता आणि पायजमा त्याच्या अंगावर पडला होता, छातीपासून डोक्यावरून पुढं. टाकीतलं पाणी त्याच्यावरून वाहत होतं. एक बागायतदार वाकला, त्यानं टोक उचलून आत पाहिलं आणि परत ठेवलं. “झाकलेलंच राहू द्या,” म्हणाला.

मला आठवलं की चुलीवर दूध आहे, पाहुण्यांच्या चहाचं. मी परत गेले आणि पातेलं उतरवून ठेवलं. धाकटी रडत होती, तिला घेतलं. मग बायका आल्या आणि त्यांनी मला खाली बसवलं.

पंचनामा झाला. कॅप्टनला जीपमधून नागपूरला नेलं. माझ्या माणसाला गावात नेलं. पुढचे तेरा दिवस मला दिवसांसारखे आठवत नाहीत. बायकांनी बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. मी हात पुढं केला, कपाळ पुढं केलं. रडू येत नव्हतं म्हणून माझ्या जावेनं मला चिमटा घेतला. तरी आलं नाही.

तेराव्यानंतर मी पोरींना घेऊन पत्र्याच्या खोलीत परत आले. माहेरी कुणी उरलं नव्हतं आणि दिराच्या घरात जागा नव्हती. मोठ्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की चौकशी नीट पार पडू द्या, मग बाईला नवऱ्याच्या जागेवर घेऊ, खोलीही राहील. मिस्त्रीनं मला ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तो म्हणाला, “भाभी, जेवढं विचारतीन तेवढंच बोला.”

चौकशीचे साहेब बाहेरगावचे होते, उत्तरेकडचे. मराठी लिहायला बोलायला एक कारकून बरोबर होता. विमान ठेवायच्या शेडमध्ये टेबल टाकलं होतं. टेबलाशेजारी, जमिनीवर, पायजमा घडी घालून ठेवला होता. आता तो कोरडा होता. त्याच्यावर तपकिरी डाग होते.

आधी कारकुनानं मिस्त्रीला विचारलं. मी दाराशी बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

“विंडसॉक, तुमचा तो पायजमा, अपघाताच्या वेळी कसा होता?”

“मैं मांडव पकडून होतो, साहब. पाहिला नाही.”

“त्याआधी काही दुरुस्ती? काही फेरफार?”

मिस्त्रीनं एकदा दाराकडे पाहिलं. “नाही साहब. इंजनचं विचारा. इंजन मेरा. इंजन एकदम बराबर होता.”

त्यानं मला मोगरी मारताना पाहिलं होतं. तो ते बोलला नाही. मला तेव्हा कळलं नाही की त्यात न बोलण्यासारखं काय आहे.

मग मला बोलावलं. कारकून चांगला होता. बसायला खुर्ची दिली, मी खाली बसले.

“बाई, त्रास देत नाही. दोनच गोष्टी. पायजमा त्या दिवशी खांबावर होता?”

“होता जी.”

“फाटका, अडकलेला?”

“नाई जी. साफ होता. चांगला होता.”

त्यानं लिहिलं. साहेब इंग्रजीत काही बोलले. कारकुनानं कागद उलटला.

“आता बघा. कॅप्टन रेग्यांनी दवाखान्यातून लेखी दिलंय. ते म्हणतात, निघण्याआधी मी पायजम्याकडे पाहिलं, तो खाली लोंबत होता, म्हणून वारा नाही असं समजलो. साहेब म्हणतात, मांडव उडाला त्या वाऱ्यात पायजमा लोंबेल कसा? म्हणजे कॅप्टननं पाहिलंच नाही. पाहुण्यांपुढं घाई केली.”

मला समजलं नाही. मी विचारलं, “लोंबला म्हंजे वारा नसते का? त्याचं तोंड कुठं हाय ते पाहातेत ना?”

“तोंडावरून दिशा कळते. आणि किती उचलला त्यावरून जोर कळतो. थोडा उचलला तर थोडा वारा, आडवा झाला तर जोराचा. एवढ्या जोराच्या वाऱ्यात विमान उचलायचंच नसतं, वारा बाजूनं असेल तर नाहीच.” कारकुनानं हात आडवा धरून दाखवला. मग हात खाली सोडला. “हा असा लोंबला तर वारा नाही.”

मी त्याच्या हाताकडे बघत होते.

तुळशीरामनं मला पायजम्याचं सांगितलं होतं तेव्हा दिशेचंच सांगितलं होतं. जोराचं त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते आता कुणाला विचारणार? त्यानं म्हटलं होतं, मिस्त्रीले इचारू का.

“तर बाई, तुम्ही जवळ होता. तुम्ही पाहिला का? लोंबत होता?”

शेडमध्ये गरम होतं. धाकटी माझ्या पदराशी खेळत होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दाराबाहेर मिस्त्रीची सावली दिसत होती, तो गेला नव्हता.

“माहं ध्यान नव्हतं जी,” मी म्हटलं. “मी मांडवाचा दोर धरून होती.”

“साहजिक आहे,” कारकून म्हणाला. त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. माझा अंगठा त्यानंच धरून शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. मग शाई पुसायला कापूस दिला.

महिन्याभरात मला माझ्या माणसाच्या जागेवर घेतलं. नवा खांब आला, नवा पायजमा आला. मी सकाळी चढवायची, संध्याकाळी उतरवायची.

पौषात कॅप्टन रेगे आले. फवाऱ्याचे दिवस नव्हते, माळावर आम्ही आणि मिस्त्री एवढेच होतो. तोही सामान बांधायला आठ दिवसांसाठी आलेला. एसटी फाट्यावर थांबते, तिथून ते काठी टेकत चालत आले. दीड कोस. एवढ्या लांबून मी त्यांना ओळखलं नाही. जवळ आले तेव्हा ओळखलं. अंगातले कपडे दुसऱ्याचे वाटत होते.

मी बाज टाकली. ते बाजेवर बसले नाहीत. काठी बाजूला ठेवून, न वाकणारा पाय लांब करून, त्यांनी खाली बसायचा प्रयत्न केला, आणि मला कळायच्या आत माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागं घ्यायला पाहिजे होते. घेतले नाहीत. ते आपणहून उठेपर्यंत तशीच उभी राहिले.

“वहिनी, मी तुळशीरामला मारलं,” ते म्हणाले.

“चहा टाकते,” मी म्हटलं.

“नको. बसा जरा. मला बोलू द्या. नाहीतर मला परत यायचं धाडस होणार नाही.”

मी बसले.

“अहवाल आला. मी वारा न बघता निघालो, असं ठरलंय. परवाना गेला. त्यावर दाद मागता येते, पंधरा दिवस राहिलेत. माझे वडील म्हणतात, माग. आधी मीही भांडत होतो. दवाखान्यात सगळ्यांना सांगत होतो, मी पाहिला होता, तो लोंबत होता. शपथेवर सांगत होतो.” ते थांबले. “आणि मग रोज रात्री तेच बघायला लागलो. आणि रोज तो वेगळा दिसायला लागला. कधी लोंबलेला, कधी आडवा. आता मला वाटतं, मी पाहिलाच नाही. मी मांडवाकडे बघत होतो. साहेब बघतायत ना, याच्याकडे. तुमचा तो स्वच्छ पायजमा मी सकाळी चहा पिताना पाहिला आणि तोच माझ्या डोळ्यांत राहिला.”

“तुमी पाह्यला,” मी म्हटलं.

“काय?”

“तुमी बराबर पाह्यला साहेब. तो लोंबतच होता.”

त्यांनी मान वर केली.

“म्या धुतला होता ना. वाळला नव्हता तो. वल्लाच चढवला. जड होता. वाऱ्यात उचललाच नाई. म्या सोता पाह्यला. मंदाचे बाबा म्हनत होते, मिस्त्रीले इचारू, म्याच नको म्हनलं.”

एवढं मी एका दमात बोलले. बोलताना माझा आवाज दुसऱ्याच बाईचा वाटत होता. मला वाटलं, आता ते माझ्यावर काठी उचलतील. किंवा उठून कंपनीत जातील. मी मनात खोलीतलं सामान मोजलं. एक पेटी, दोन गोधड्या, भांडी एका पोत्यात मावतील.

मग त्यांचे डोळे भरले.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात.”

“साहेब, मी खरं...”

“नाही. ऐका. तुमचा जबाब मी वाचलाय. अहवालाबरोबर सगळे जबाब जोडतात. त्यात तुम्ही सांगितलंय, लक्ष नव्हतं. खरंच पाहिला असता तर तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं, नाही का? आज मला असं बघितलंत, आणि तुम्हाला दया आली. तुमचा नवरा गेला आणि तुम्ही तो दोष स्वतःवर घेताय, मी परत उडावं म्हणून.” त्यांनी मनगटानं डोळे पुसले. “मला ते नको. मी दाद मागणार नाही. मी इथं येताना ठरवलं नव्हतं. आता ठरलं.”

“पन तो वल्ला...”

“तो ओला मिळाला, वहिनी. माझ्या टाकीचं पाणी त्याच्यावर सांडलं. पंचनाम्यात आहे ते.”

मी शेडकडे पाहिलं.

शेड वीस पावलांवर होती. आत मिस्त्री नटबोल्ट मोजून डब्यात टाकत होता, त्याचा आवाज येत होता. त्यानं मला पायजमा धुताना पाहिलं होतं. सकाळी तो खांबावर ठिबकतानाही त्यानं पाहिला असणार. एक हाक मारायची होती. लतीफभाई, जरा इकडं या. तो आला असता, आणि कॅप्टनच्या तोंडाकडे बघून तो खोटं बोलला नसता.

धाकटी आत झोपली होती. मंदा दाराच्या उंबऱ्यावर बसून भाकर खात होती. कॅप्टननं तिला जवळ बोलावून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती घाबरून आत पळाली.

मी हाक मारली नाही.

मी चहा केला. या वेळी ते प्यायले. कपबशी स्वतः हापशावर नेऊन विसळली, एका पायावर उभं राहून. मग काठी घेतली.

“तुम्ही माफ केलंत, एवढं पुरे आहे मला,” ते म्हणाले. “मी हे सगळ्यांना सांगीन. अशी माणसं असतात म्हणून.”

“साडेतीनची गाडी हाय,” मी म्हटलं. “जपून जा. मधी नाला हाय.”

ते पट्टीच्या कडेकडेनं गेले. पट्टीवरून गेले नाहीत. बाभळींपाशी ते दिसेनासे झाले तोवर मिस्त्री हात पुसत शेडमधून बाहेर आला होता. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. दोघंही तिकडंच बघत होतो.

“काहून आले होते साहब?”

“माफी मांगाले.”

मिस्त्रीनं हातातलं फडकं झटकलं, घडी केली, परत उलगडलं. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, “मग? दिली?”

“दिली,” मी म्हटलं.